शीळ फाट्याचा रस्ता आणि खिशातला परवाना

ठाण्याहून कळवा, मुंब्रा, कौसा करत आम्ही शीळ फाट्यावर येतो आणि डावीकडे वळून कटाई नाका, मानपाडा, पत्रीपूल मार्गे कल्याण गाठतो. एमएच-०४ आणि एमएच-०५ च्या गाड्यांत मधूनच उत्तर प्रदेश-बिहारच्या पाट्याही दिसतात. ईदच्या सुट्टीत दुबई, रियाधहून आलेल्या पाहुण्यांची भर पडते. प्रत्येक गाडी चालवणाऱ्याच्या खिशात काय आहे, हा प्रश्न मात्र अपघात झाल्यावरच निघतो.

लखनौ किंवा पाटण्याचा परवाना आपल्याकडेही चालतो, कारण तो सबंध भारतासाठी असतो. गाडीचे तसे नाही. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर नवी नोंदणी लागते.

आखातातून आलेल्या मामूंच्या हाती चावी देताना त्यांच्या भारतीय परवान्याची तारीख पाहावी. मुदत संपण्याआधी वर्षभर आणि संपल्यानंतर वर्षभरात नूतनीकरण होते. त्याहून उशीर झाला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत संपल्यावर मिळणारी तीस दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. इथून आखातात फिरायला जाणाऱ्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. तो एक वर्ष चालतो. तिथे राहून नोकरी करणाऱ्याला मात्र तिथलाच परवाना घ्यावा लागतो. परदेशी नागरिकाला इथे परवाना हवा तर पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावा लागतो. कागद नसलेल्यासाठी हा दरवाजा बंद आहे. आणि परवाना हातात आला म्हणजे नागरिकत्व सिद्ध झाले, असेही नाही.

सर्वात मोठी काळजी आपल्या घरातच आहे. आमच्या वर्गातली दहावीची मुले अब्बांची स्कूटर घेऊन शिकवणीला येतात. गिअर नसलेल्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी सोळा, बाकी खासगी गाड्यांसाठी अठरा वर्षे हवीत. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो; गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. विमा कंपनीही जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते.

रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव हीसुद्धा आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. म्हणून चावी देण्याआधी परवाना मागावा; मागताना नात्याचा संकोच करू नये.