मिथिलेंतील जूडशीतल

आपला पाडवा चंद्रगतीनें ठरतो, म्हणून तो कधीं मार्चांत तर कधीं एप्रिलांत येतो. मिथिलेचें नववर्ष सूर्यावर अवलंबून आहे. सूर्य मेष राशींत गेला, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, तेथें दोन दिवस उत्सव होतो. पहिला दिवस सतुआइन, दुसरा जूडशीतल. ‘जूड’ म्हणजेही गारवाच. तेव्हां नांवांतच दुहेरी थंडावा आहे, आणि त्या उन्हाळ्यांत तो अनाठायीं वाटत नाहीं!

काशीस जोडलेल्या एका मैथिल स्नेह्याच्या आग्रहावरून या सणास मी मधुबनीजवळील त्यांच्या खेड्यांत गेलों होतों. सतुआइनीस भाजलेल्या हरभऱ्याचें पीठ कैरीच्या चटणीशीं खाल्लें. त्यांचा सत्तू व आपला सातू हीं दोन्हीं ‘सक्तु’ या संस्कृत शब्दाचींच अपत्यें. त्या दिवशीं पाण्यानें भरलेला घडा व पंखा दान देतात. आपल्या अक्षय्यतृतीयेचा उदकुंभच तो.

दुसऱ्या दिवशीं पहाटे मी अंथरुणांतच होतों. स्नेह्यांच्या मातोश्री, वय नव्वदीच्या घरांत, हातीं तांब्या घेऊन आल्या. रात्रीं भरून ठेवलेलें तें पाणी त्यांनीं नातवंडांच्या, मुलाच्या आणि मग माझ्याही टाळूवर थापटलें व म्हणाल्या, “जुडायल रहू!” शीतल राहा, सुखी राहा, असा त्याचा अर्थ. माझे आईवडील जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. आमच्या घरांत आतां मीच सर्वांत वडील. माझ्या डोक्यावर हात ठेवणारें कोणी उरलेलें नाहीं. उशीशीं उपरणें होतें, परंतु तें पाणी पुसावें असें मला वाटलें नाहीं.

मग सारें घर तांबे घेऊन बाहेर पडलें. आंब्याच्या मुळाशीं पाणी, फणसाच्या मुळाशीं पाणी, येण्याजाण्याच्या वाटेवरही पाणी. तुळशीवर बुडाशीं छिद्र असलेलें मडकें टांगलें होतें. आपण पिंडीवर गळती लावतों, तशी ही तुळशीवर वैशाखभर चालते.

त्या दिवशीं चूल पेटत नाहीं. आदल्या रात्रींचा भात व वड्यांची कढी प्रथम चुलीसच अर्पण करतात, मग घरचीं माणसें जेवतात. आपल्याकडे श्रावणांत शीतलासप्तमीस असेंच शिळें खातात. परंतु तेथील वैशाखांत या नेमास निराळें वजन आहे. पछिया, म्हणजे पश्चिमेचा कोरडा वारा, सुटला कीं चुलींतील एक ठिणगी गवती छपरांची अख्खी ओळ खाऊन टाकते. २०१६ च्या एप्रिलांत आगी इतक्या वाढल्या कीं, खेड्यांतून सकाळीं ९ ते सायंकाळीं ६ पर्यंत स्वयंपाक करूं नये, असें बिहार सरकारास फर्मावावें लागलें. जुन्या माणसांनीं निदान एक दिवस तरी हें आपण होऊन पाळलें होतें.

दुपारीं चिखलाचा खेळ. पूर्वीं याच सुमारास तळीं व विहिरी उपसून गाळ काढीत. त्या श्रमांतूनच ही धुळवड निघाली, असें स्नेही म्हणाले. मिथिला म्हणजे तळ्यांचा, माशांचा व मखान्याचा देश. दरभंग्यांतच हराही, दिघी व गंगासागर हीं तीन विस्तीर्ण तळीं मी येतांना पाहिलीं होतीं. या गांवचें तळें मात्र निम्मेंअधिक बुजलें असून त्यावर घरें उठलीं आहेत. चिखल तरी कोठून येणार? पोरांनीं हातपंपावरून बादल्या आणून अंगणांत माती कालविली आणि एकमेकांस फांसली. मौज कमी झाली नाहीं. स्नेही मात्र ओट्यावर गप्प बसून पाहत होते.

सायंकाळीं मातोश्रींनीं तुळशीवरील मडकें पुन्हा भरावयास घेतलें. मीं तांब्या पुढें केला, तो त्यांनीं घेतला नाहीं. घरची विहीर आटलेली. नातसून पंपावरून एक एक कळशी आणून देत होती, आणि म्हातारी थरथरत्या हातांनीं ती रिती करीत होती.