बाऊ

बादली मी ठेवली होती. हे वाक्य आधीच लिहून टाकते, कारण हॉस्पिटलातल्या सतरा दिवसांत ते माझ्या तोंडून जवळजवळ शेवटपर्यंत निघालं नाही. इंदूरची डिसेंबरातली सकाळ, रॉडने तापवलेलं पाणी, बादली न्हाणीघराच्या दाराशी, आणि मी टॉवेल आणायला आतल्या खोलीत. साडेतीन वर्षांची लेक बादलीची कड धरून वाकली. उजवा हात आणि मांडी भाजली.

सासूबाई हळद घेऊन धावल्या, शेजारच्या काकूंनी टूथपेस्ट आणली. डॉक्टरांनी आधी ते सगळं धुऊन काढलं. म्हणाले, "नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं होतं, बाकी काही नको." मग त्यांनी विचारलं, "हे झालं कसं?" मी म्हटलं, "बादली कलंडली."

ड्रेसिंगच्या वेळी आयांना बाहेर थांबवत. आतल्या भिंतीवर सहा चेहऱ्यांचा तक्ता होता, हसऱ्यापासून रडणाऱ्यापर्यंत, शून्य ते दहा. सिस्टर केरळच्या. त्या हिंदीत विचारत, "बेटा, दर्द कितना है?" लेक हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायची. दोन दिवस तिच्या कागदावर शून्य लिहिलं गेलं. आणि बाहेर बाकावर मला तिचं किंचाळणं ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी मी हट्टाने आत गेले. तेव्हा उमगलं, तिला वाटत होतं की त्यातला आवडलेला चेहरा दाखवायचा आहे. आमच्या घरात मराठी. तिच्या अंगाला जे झालं होतं ते 'दर्द' नव्हतंच, तो बाऊ होता. मी विचारलं, "छोटा बाऊ की मोठ्ठा बाऊ?" तिचं बोट सरळ शेवटच्या चेहऱ्यावर गेलं. सिस्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. दुसऱ्या दिवसापासून ड्रेसिंगच्या आधी दुखण्याचं औषध मिळू लागलं, आणि मलाही आत येऊ देऊ लागले.

शेजारच्या खाटेवर झाबुआकडचा पाच वर्षांचा मुलगा होता. डाळीच्या हंडीने पाय भाजलेला. तो कधीच रडत नसे, म्हणून वॉर्डात सगळे त्याला 'बहादुर' म्हणत. त्याची आई भिली बोलायची, हिंदी मोडकंतोडकं. एके दिवशी ती सिस्टरांना म्हणाली की पोरगं बहादुर वगैरे नाही. फार दुखलं की टोपी डोळ्यांवर ओढून घेतं. टोपी तर रोजच डोळ्यांवर असायची. त्या दिवशी सिस्टरांनी दोघांच्याही कागदावर दुखण्याचा शब्द लिहून घेतला. एक मराठी, एक भिली, दोन्ही मल्याळम अक्षरांत.

घरी आल्यावर मी कंवलजीत आनंद या डॉक्टरांविषयी वाचलं. इंदूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते ऑक्सफर्डला गेले. नवजात बाळांना वेदना फारशी कळत नाही, अशा समजुतीने तेव्हा कितीतरी ठिकाणी वेदनाशामक न देताच त्यांची ऑपरेशनं होत. आनंद यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तातली संप्रेरकं मोजली. वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीराला ऑपरेशनचा ताण कमी बसत होता आणि नंतरचे त्रासही कमी होत होते. हे 1987 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ज्यांना एकही शब्द येत नाही, त्यांच्या रक्तात ते सगळं लिहिलेलं होतं. आमच्या पोरांकडे तर शब्द होता, टोपी होती. ते वाचता येणारं माणूस फक्त दाराबाहेर बसवलेलं होतं.

घरी सोडायच्या आदल्या रात्री दोन्ही पोरं झोपली होती. मी त्या बाईला हिंदीत सांगितलं, "बाल्टी मैंने रखी थी।" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मुलाच्या डोक्यावरची टोपी नीट करत म्हणाली, "हंडी भी मैंने ही उतारी थी।"

आता मी बादलीत आधी गार पाणी घेते.