थुंकी, हवा आणि हुलग्याचं माडगं

आटपाडीच्या रानात सायकल चालवायची म्हणजे काट्याशी सोयरीक आली. बाभळीचा काटा सरळ, पांढरा, बोटभर. टायरात घुसला की आतच मोडतो, वरून काही दिसत नाही. बोरीचा आकडी. आणि सराटा. सराटा अनवाणी पायाला आणि ट्यूबला सारखाच न्याय देतो. पंक्चर काढलं पण काट्याचं टोक टायरात राहिलं, तर गिऱ्हाईक शंभर पावलं जाऊन शिव्या देत परत येतं. म्हणून ठिगळ लावायच्या आधी टायरच्या आतनं बोट फिरवायचं. बोटाला टोचलं, रक्त आलं, की समजायचं काटा घावला. मामानं मला दुकानावर बसवलं तेव्हा पहिला धडा हाच दिला.

दुकान म्हणजे काय, रस्त्याच्या कडेला चार खांबं, वर पत्रा, खाली पोतं. एक पंप, दोन पाने, कानस, सोल्युशनची ट्यूब, पाण्याचं घमेलं. आणि भाड्याच्या तीन सायकली. बहात्तरच्या दुष्काळात आमची माणसं खडी फोडायला जायची, सुकडी खायची. मामा त्यातनं सुटला तो या पंपामुळं.

आमच्या थोरल्यांनी हे सगळं पायानं केलं होतं. तराळकी. सांगावा घेऊन पळ, मयताची खबर घेऊन पळ, सायबाच्या घोड्यापुढं पळ. आटपाडीच्याच शंकरराव खरातांनी १९८१ साली आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच 'तराळ-अंतराळ'. आमच्या गावचा माणूस विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १९८४ ला जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. पण शब्द त्यांनी तराळच ठेवला. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. पळणं गेलं का? मामानं पहिली जुनी सायकल घेतली तेव्हा चावडी आली की खाली उतरायचा आणि हातानं ढकलत न्यायचा. कुणी सांगितलं नव्हतं. पायालाच ते माहीत होतं. एक दिवस उतरला नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही चाकांतली हवा सोडलेली होती. मामानं भरली. तिसऱ्या दिवशी परत तेच. मामा म्हणायचा, "त्येंनी सोडून सोडून मला पंप मारायला शिकवलं बघ. धंदा त्येंनीच दिला."

आता थुंकीचं सांगतो.

आपल्या साध्या सायकलचा व्हॉल्व्ह म्हणजे एक पितळी नळी, तिच्या बाजूला बारीक भोक, आणि भोकावर चढवलेली रबराची बारकी नळी. पंपाची हवा भोकातनं येते, रबर फुगवून आत शिरते. पंप थांबला की रबर भोकावर घट्ट बसतं आणि हवा कोंडते. एवढंच यंत्र. उन्हानं ते रबर चिरतं, मग हवा हळूहळू जाते आणि माणूस पंक्चर शोधत बसतो. पंक्चर नसतंच. तपासायचं कसं? बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवायची. बुडबुडा आला तर रबर गेलं. कुठलाही सायकलवाला हेच करतो.

गावातला एक बागाईतदार सायकल घेऊन आला. मी बोट तोंडात घातलं, तर ओरडला, "ए पोरा, थुंकी लावू नगंस. पाणी लाव."

मामा खाली मान घालून कानस मारत होता. मान वर न करता म्हणाला, "मालक, घमेल्यातलं पाणीबी आमच्याच आडाचं हाय."

माणूस घोटाळला. मग त्यानं स्वतःचं बोट तोंडात घातलं आणि स्वतःच व्हॉल्व्हला लावलं. बुडबुडा आला. थुंकीला काय, तिनं त्यालाबी खरंच सांगितलं. पैसे मात्र त्यानं वरनं पोत्यावर टाकले.

पेशवाईतल्या पुण्यात आमच्या गळ्यात थुंकायला मडकं असायचं, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहिलंय. मी ते पुस्तक बऱ्याच उशिरा वाचलं. वाचताना मला तो व्हॉल्व्हच दिसत होता.

थंडीत धंद्याचे हाल निराळे. माणदेशात उन्हाळा जाळतो तशी मार्गशीर्ष-पौषातली पहाट हाडं फोडते. घमेल्यातल्या गार पाण्यात दिवसभर हात. ट्यूब गालाजवळ धरून हवा कुठनं लागते ते बघायचं, कानाजवळ धरून सूं ऐकायचं. सर्दीनं कान दडे बसलेले, तर ऐकणार काय! नाक चोंदलं की सोल्युशनचा वाससुद्धा येत नाही, तेवढंच सुख.

सर्दी सायकललाही होते. थंडीत एकामागनं एक गिऱ्हाईक येतं, "पायडल मारतुय, पण चाक फिरंना." फ्रीव्हील फुकट फिरत असतं. कारण एकच. घरात दुसरं तेल नाही म्हणून कुणीतरी खोबरेल सोडलेलं असतं. ते गारठ्यानं गोठतं, आतल्या बारक्या खिट्या चिकटतात आणि दात धरत नाहीत. त्यावर औषध रॉकेल. चाक आडवं पाडून फ्रीव्हीलमध्ये रॉकेल सोडायचं, उलटं फिरवायचं, काळं पाणी गळून जाऊ द्यायचं, मग मशीनचं पातळ तेल दोन थेंब. तासात बरं. माणसाच्या सर्दीवर एवढा गुणकारी इलाज अजून निघालेला नाही. ती विषाणूनं होते आणि आठवडाभरानं आपली आपण जाते. वाफाऱ्यानं विषाणू मरत नाही, नाक मोकळं होतं इतकंच.

मासिकांत 'आजीबाईचा बटवा' छापून यायचा. केशर घातलेलं दूध, मध, तूप, वृंदावनातली तुळस. कुणाच्या आजीचा हा बटवा? आमच्या आज्जीकडं चंची होती, तिच्यात तंबाखू. दूध गावात घालायला, प्यायला नाही. छप्पन्नला धर्मांतर झालं आणि तरण्या पोरांनी घराघरातनं देव गोळा केले. तुळसही उपटायला लागले, तेव्हा आज्जी आडवी पडली, "देव न्या. पाला ऱ्हाऊ द्या." पाला राहिला. वृंदावनाऐवजी फुटक्या डेऱ्यात.

तिचं खरं औषध हुलग्याचं माडगं. हुलगा म्हणजे दुष्काळाचं पीक, पाऊस नसला तरी येतं. गावातली बडी घरं तो भिजवून खिलार बैलांना चारायची. आज्जी तो खरपूस भाजायची, जात्यावर दळायची, पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायची. लसूण, मीठ, ठेचलेली मिरची. गूळ असला तर गुळाचं. ऊन ऊन प्यायचं, डोक्यावरनं वाकळ घ्यायची. घाम फुटायचा, नाक वाहायचं, माणूस झोपायचा. ओवा तव्यावर भाजून फडक्यात बांधायचा आणि हुंगायचा. याच्या पलीकडं आमचं वैद्यक नव्हतं.

पण कुठं थांबायचं ते मामाला कळत होतं. थोरलीचं पोर आठ महिन्यांचं. दोन दिवस सर्दी, तिसऱ्या रात्री अंग तापलं. शेजारची म्हणाली, पोटावर बिब्ब्याचे चटके द्या. दुसरी म्हणाली, नाकात गोडंतेल सोडा. मामानं कंदील जवळ नेला, अंगडं वर केलं. पोर भराभरा दम घेत होतं, दर दमाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"तेल घालू नगा. चटकंबी नगंत. ह्येला सुई पायजे."

मामा पुढं, थोरली कॅरिअरवर, पोर वाकळंत. मी मागनं दुसऱ्या सायकलवर. अर्ध्या वाटंत मामाच्या पुढच्या चाकाची हवा गेली. कंदिलाच्या उजेडात मी व्हॉल्व्ह काढला. रबर वरच्या टोकाला चिरलेलं. जवळ नवं नव्हतं. चिरलेला तुकडा दातानं तोडला. उरलेलं भोक झाकेल इतपत खाली ओढायचं, तर कोरडं रबर पितळेवर सरकेना. थुंकी लावली. सरकलं. पंप मारला, हवा धरली.

दवाखान्यात डॉक्टरनं पोटाकडं बघितलं आणि काही न विचारता इंजेक्शन भरलं. पहाटेला दम खाली बसला.

ते पोर आता पन्नाशीला आलंय, मोटारसायकलवर हिंडतं. मामाची ती ॲटलस घरात उभी आहे. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. दातानं तोडलेलं ते रबर आठवडाभर टिकलं. मग नवी नळी घातली.