जॅक ट्राइसचे पत्र : शेवटच्या ओळीपर्यंत

१/ अमेरिकेतील आयोवा राज्यात एम्स हे गाव आहे. तेथील विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाचे नाव ‘जॅक ट्राइस स्टेडियम’. मैदानांना बहुधा धनाढ्य देणगीदारांची किंवा नामवंत प्रशिक्षकांची नावे मिळतात. ट्राइस मात्र या संस्थेच्या मुख्य संघाकडून अवघे दोन सामने खेळला आणि दुसऱ्या सामन्यातील दुखापतींनी वयाच्या एकविसाव्या वर्षी मरण पावला. त्या दोन सामन्यांचा आणि एका पत्राचा हा इतिहास.

२/ आधी खेळाविषयी. हा फुटबॉल अमेरिकन. त्यात चेंडू हातात घेऊन धावता येते. दोन्ही संघांच्या फळ्या समोरासमोर उभ्या राहतात आणि पहिली धडक त्यांच्यातच होते. या फळीतील एका जागेला ‘टॅकल’ म्हणतात. आज आक्रमणाचे आणि बचावाचे खेळाडू वेगळे असतात. १९२३ साली तेच अकरा जण दोन्ही कामे करीत. ट्राइस टॅकलच्या जागी खेळे. डोक्यावर असलेच तर चामड्याचे शिरस्त्राण, आणि चेहरा उघडाच.

३/ जॅकचा जन्म १९०२ साली ओहायो राज्यातील हायरम या छोट्या गावी झाला. वडील ग्रीन ट्राइस पूर्वी ‘बफेलो सोल्जर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय पलटणीत सैनिक होते. जॅक सात वर्षांचा असताना ते वारले. हायरम ही गोऱ्यांची वस्ती. मुलाला आपल्या समाजाचे जग कळावे, म्हणून आई ॲना यांनी पुढे त्याला क्लीव्हलँडला नातेवाइकांकडे शिकायला पाठवले.

४/ क्लीव्हलँडच्या ईस्ट टेक्निकल हायस्कूलमध्ये त्याला सॅम विलामन हे प्रशिक्षक लाभले. १९२२ साली विलामन आयोवा स्टेट कॉलेजात रुजू झाले आणि त्यांच्या पाठोपाठ जॅकसह काही विद्यार्थीही तेथे गेले. या कॉलेजच्या संघात आलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच वर्षी कोरा मे स्टारलँड हिच्याशी त्याचा विवाह झाला. शिकता शिकता कामे करून तो चरितार्थ चालवी.

५/ त्याने निवडलेला विषय होता पशुसंवर्धन. पदवी घेऊन दक्षिणेत जावे आणि तेथील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना शिकलेले ज्ञान द्यावे, असा त्याचा बेत होता. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम साठ वर्षे होत होती. फुटबॉल हा त्या वाटेवरचा टप्पा होता.

६/ पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे, त्यामुळे मैदानावर उतरायला १९२३ उजाडले. तेव्हाही सर्वत्र उतरता येईल अशी शाश्वती नव्हती. आयोवा स्टेट ज्या गटात खेळे, त्यातील मिसुरीसारखे संघ कृष्णवर्णीय खेळाडू समोर असल्यास खेळण्यास नकार देत. निवड गुणांवर होई, प्रवेश मात्र रंगावर अडे.

७/ सप्टेंबरच्या अखेरीस सिम्प्सन कॉलेजविरुद्ध तो पहिला सामना खेळला. दुसरा सामना होता ६ ऑक्टोबरला, मिनियापोलिस येथे, मिनेसोटा विद्यापीठाच्या बलाढ्य संघाशी. आदल्या रात्री हॉटेलातील कागदावर त्याने काही ओळी लिहिल्या. त्या कोणालाही पाठवण्यासाठी नव्हत्या. त्या स्वतःला दिलेल्या सूचना होत्या.

८/ या पत्राचा पूर्वार्ध प्रसिद्ध आहे. आपल्या वंशाची, कुटुंबाची आणि स्वतःची प्रतिष्ठा पणाला लागली आहे, सर्वांना आपल्याकडून मोठ्या कामगिरीची अपेक्षा आहे आणि ती आपण पूर्ण करू, असे तो लिहितो. उद्या शरीर आणि प्राण यांची पर्वा न करता झोकून द्यायचे, आपल्या वाट्याच्या कामापेक्षा अधिक करायचे, असेही त्याने स्वतःला बजावले आहे.

९/ उत्तरार्ध क्वचितच कोणी सांगते. तो अस्सल बचावपटूचा आहे. समोरची फळी फोडून डाव त्यांच्याच हद्दीत रोखावा. खाली वाकून, डोळे उघडे ठेवून भिडावे. दिशा बदलून केलेल्या चढायांवर नजर ठेवावी. आणि चेंडूवाल्यापुढे वाट मोकळी करीत धावणाऱ्या खेळाडूंची भिंत ‘रोल ब्लॉक’ने मोडावी. म्हणजे जमिनीवर आडवे झोकून देऊन त्यांच्या पायांत लोळत शिरावे.

१०/ सामना सुरू होताच दुसऱ्याच डावात त्याचे कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड, मोडले. तरीही तो खेळत राहिला. तिसऱ्या सत्रात मिनेसोटाची चढाई त्याच्या बाजूने आली. त्याने रोल ब्लॉक केला, पण त्यात तो उताणा पडला आणि मिनेसोटाचे खेळाडू त्याला तुडवीत पुढे गेले. मिनेसोटाने सामना २०–१७ असा जिंकला.

११/ मिनियापोलिसच्या डॉक्टरांनी त्याला प्रवास झेपेल असे सांगितले आणि तो संघासोबत रेल्वेने एम्सला परतला. तेथे प्रकृती खालावली. नंतर बोलावलेल्या तज्ज्ञाने पोटातील गंभीर इजा ओळखली, पण शस्त्रक्रिया तो सोसू शकणार नाही असे त्याचे मत पडले. ८ ऑक्टोबरला जॅक वारला. त्याने डोळे उघडून पाहिले, पण तो बोलला नाही, आणि तेव्हा कॉलेजच्या घंटाघरात तीनचे ठोके पडत होते, अशी आठवण कोराने पुढे अनेक दशकांनी लिहून ठेवली.

१२/ त्याला मुद्दाम तुडवले गेले काय? काही साक्षीदारांना तसे वाटले. इतरांनी तो खेळातलाच अपघात मानला. या प्रश्नाचा निर्विवाद निकाल कधीच लागला नाही. परंतु हेतू सिद्ध न झाल्याने अन्याय नाहीसा होत नाही. हाड मोडल्यावर बाहेर पडणे इतर खेळाडूसाठी केवळ माघार ठरली असती. जॅकच्या मनावर एका संपूर्ण समाजाच्या प्रतिष्ठेचे ओझे होते, आणि ते त्याने आदल्या रात्रीच लिहून ठेवले होते. एकविसाव्या वर्षी असे ओझे वाहावे लागणे, हीच त्या काळाच्या वर्णव्यवस्थेची साक्ष होय.

१३/ अंत्यविधीपूर्वी ते पत्र त्याच्या कोटाच्या खिशात सापडले. ९ ऑक्टोबरला कॉलेजच्या आवारात हजारो लोक जमले आणि शवपेटीसमोर कॉलेजच्या अध्यक्षांनी ते वाचून दाखवले. विद्यार्थ्यांनी कुटुंबासाठी निधी गोळा केला. व्यायामशाळेत पत्राच्या मजकुराचा धातूचा फलक लागला. हायरम येथे दफन झाले. पुढे फलकावर धूळ बसली आणि नाव विस्मरणात गेले.

१४/ १९७० च्या दशकात त्या फलकावरून विद्यार्थ्यांनी पुन्हा शोध घेतला. एम्समध्ये तेव्हा नवे मैदान उभे राहत होते. त्याला ट्राइसचे नाव द्यावे, अशी मागणी त्यांनी केली. १९७५ साली मैदान खुले झाले, पण नावाविना. १९८४ साली तडजोड झाली : वास्तूचे नाव ‘सायक्लोन स्टेडियम’, आतल्या हिरवळीचे ‘जॅक ट्राइस फील्ड’. विद्यार्थी थांबले नाहीत. एक पिढी पदवी घेऊन गेली की पुढची मागणी हाती घेई. त्यांनी पैसे जमवून पुतळाही उभारला. अखेर १९९७ साली संपूर्ण मैदानाला त्याचे नाव मिळाले.

१५/ स्मारके पत्राचा पूर्वार्ध जपतात, आणि ते योग्यच आहे. पण उत्तरार्धही वाचला पाहिजे. ‘वंशाची प्रतिष्ठा’ म्हणणारा तरुण आपल्या कामात निष्णात होता. समोरच्या फळीच्या चाली त्याने अभ्यासल्या होत्या, आणि ज्या रोल ब्लॉकमध्ये त्याचा घात झाला तोही त्याने आदल्या रात्री स्वतःला बजावून ठेवलेला होता. हुतात्मा म्हणून त्याला वंदन करताना त्याच्यातील खेळाडू हरवू नये. पत्राच्या अखेरच्या ओळीत त्याने स्वतःला बजावले होते ते एवढेच, की यशस्वी व्हायचे असेल तर क्षणभरही गाफील राहू नकोस.