हत्तीची ती चाल

चाल चुकली कीं साधली, हा तंटा बुद्धिबळाइतकाच जुना आहे. आमच्या वणीच्या शाळेंतील मुलें हल्लीं तो घरीं गेल्यावर वडिलांच्या मोबाईलला विचारून मिटवितात व दुसऱ्या दिवशीं निकाल घेऊन येतात. नागपूरच्या कुमारी दिव्या देशमुख हिनें २०२५ च्या जुलै महिन्यांत बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून तर असे निकाल ऐकतां ऐकतां आमची मधली सुटी संपते! परंतु यंत्रानेंच विलक्षण चाल केली, तर तिचा न्याय कोणीं करावा? अशा वेळीं मुलांस आम्ही पुढील हकीकत सांगतों.

१९९७ च्या मे महिन्याच्या ३ तारखेस न्यूयॉर्क येथें जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह व आयबीएम कंपनीचा डीप ब्लू संगणक यांच्या सहा डावांच्या सामन्यास आरंभ झाला. हें यंत्र सेकंदास सुमारें २० कोटी स्थिति तपाशीत असे. तरी पहिला डाव त्याच्या हातून जात चालला होता. ४४ व्या चालीस त्यानें आपला हत्ती थेट पांढऱ्याच्या शेवटच्या ओळींत नेऊन ठेविला. त्यानें शहही बसेना, कीं पुढें सरसावलेलें प्यादेंही अडेना. पुढच्याच चालीस तें प्यादें सातव्या ओळींत शिरलें व डाव संपला. घोडचूक म्हणावी, तर मोहरा हत्तीचा!

कास्पारोव्ह मात्र हंसले नाहींत. त्यांनीं व त्यांच्या साहाय्यकांनीं शोध घेतला, तों दिसलें कीं, सरळ चाल केली असती तरी वीसाहून अधिक चालींनीं मात ठरलेलीच होती. यंत्रास इतकें दूरचें दिसतें काय? दुसऱ्या दिवशीं ४५ व्या चालीनंतर त्यांनीं डाव सोडला. मागाहून तज्ज्ञांनीं त्यांतून बरोबरीची वाट दाखविली. सामना यंत्रानें ३½–२½ असा जिंकला.

पुढें यंत्राच्या रचनाकारांपैकीं मरे कॅम्पबेल यांनीं खुलासा केला; तो २०१२ मध्यें नेट सिल्व्हर यांच्या पुस्तकांत प्रसिद्ध झाला. आज्ञावलींत दोष होता; निवड करतां न आल्यामुळें यंत्रानें कोणती तरी चाल उचलून केली होती. जेथें दूरदृष्टि दिसली, तेथें दृष्टीच नव्हती.

मग ती चूक होती काय? डाव आधींच बुडालेला असल्यामुळें तिनें कांहीं बिघडलें नाहीं. तरीही आम्ही तिला चूकच म्हणतों. गणिताच्या वहींत रीत चुकूनही उत्तर जुळलें, तर रीतीचे गुण आम्ही देत नाहीं. त्या एका चालीनेंच कास्पारोव्ह यांचें धैर्य खचलें, असें कित्येक म्हणतात. आम्हांस दुसऱ्या डावांतील यंत्राचा संथ, आवळून धरणारा खेळ हेंच मोठें कारण वाटतें.

उलट, मार्च २०१६ मध्यें सोल येथें ‘गो’ खेळांत अल्फागो यंत्राची दुसऱ्या डावांतील ३७ वी चाल जाणत्यांसही प्रथम चूक वाटली. तो डाव यंत्रानें जिंकला. चौथ्या डावांत ली सेडोल यांनीं ७८ वी चाल अशी केली कीं, तिचें मर्म यंत्रास वेळेवर उमगलें नाहीं, आणि तो डाव ली यांनीं जिंकला.