आत्याच्या गावची शांतता

शहरातली माणसं कर्जतला उतरून आमच्या बाजूला आली की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "किती शांत आहे हो इथं!" मी मान हलवतो. पाहुण्याचा हिरमोड कशाला करा. पण साठीच्या पुढं आल्यावर मला एक कळायला लागलंय. गावाची शांतता एका जातीची नसते. भातासारखंच आहे ते. लांबून सगळं हिरवंगार दिसतं. हळवं कुठलं नि गरवं कुठलं, ते बांधावर उभं राहिल्यावर समजतं.

मागच्या आषाढात आत्याच्या गावी तीन दिवस राहिलो, तेव्हा हे मला नीट दिसलं.

आत्याचं गाव खालापूर तालुक्यात. कर्जतहून चौकला जाणाऱ्या रस्त्यावर फाट्याला उतरायचं आणि आत दोन मैल पायी जायचं. समोर इर्शाळगडाचा सुळका. लहानपणी बाबांबरोबर जायचो ते मे महिन्यात, करवंदं-जांभळांच्या दिवसांत. लावणीत कोणी पाहुणा म्हणून जात नसे. गेलाच, तर पाय धुवायच्या आधी त्याच्या हातात आवणाची जुडी यायची.

आमचं गाव नि आत्याचं गाव यांत पाण्याचा फरक. आम्हाला राजनाल्याचं पाणी. भिवपुरीला टाटांचं वीजघर १९२२ साली सुरू झालं. तिथं वीज करून झाली की पाणी खाली सुटतं, नि नाल्यानं आमच्या शिवारात फिरतं. म्हणून आमच्याकडे उन्हाळी भात पिकायचं. आत्याकडे सगळा भरवसा आभाळावर. पाऊस पडेल तेवढा अडवायचा, वापरायचा आणि खालच्याला द्यायचा.

हे देणं नीट सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. शिवार उताराचं. जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकाखाली एक खाचरं. पाऊस पडला की वरचं खाचर भरतं, आणि बांधाला ठेवलेल्या तोंडातून जास्तीचं पाणी खालच्यात उतरतं. त्याच्यातून त्याच्या खालच्यात. वरच्या शेतकऱ्यानं तोंड बांधलं तर खालच्याची लावणी अडते, एकदम सोडलं तर खालच्याचा बांध फुटतो. त्यामुळे दोन घरांत बोलणं बंद असलं तरी पाण्याचं बोलणं चालू ठेवावं लागायचं. "उद्या सोडतोय रे" असं भिंतीकडे बघून का होईना, पण सांगायचे. डोकीही फुटली असतील याच्यावरून. पण वाट बंद केली असं कधी झालं नाही.

आत्याचे सासरे कुळ होते. १ एप्रिल १९५७ ला कुळकायद्यानं कसणारा मालक झाला, तशी त्यांचीही जमीन झाली. आत्या सांगायची, सातबाऱ्यावर नाव लागलं त्या वर्षी म्हाताऱ्यानं बांधावर बसून नुसता तंबाखू मळला, बोलला काही नाही. तेही शांत बसणंच, पण केवढं भरलेलं.

लावणीच्या दिवसांत गाव दुपारी ओस असायचा. दाराला कड्या. पडवीत एखादी म्हातारी नि झोळीतलं पोर. ओसरीवर कोंबड्या. त्या वेळी शहरातला कोणी आला असता तर म्हणाला असता, काय शांत गाव! पण गावाच्या बाहेर पाऊल टाकलं की शिवार नुसतं बोलत असायचं. औतकऱ्यांच्या हाळ्या, चिखलात बैलांचे पाय पडल्याचा चपचप आवाज, इरली पांघरून वाकलेल्या बायांची गाणी, मधूनच कुणाची तरी चेष्टा आणि सगळ्या ओळीचं हसणं. राब भाजून, मृगात पेरून वाढवलेलं आवण उपटायचं, जुड्या बांधायच्या, फेकायच्या आणि लावत मागं सरकायचं. गाव मुकं, कारण माणसं कामावर. ती शांतता मला ओळखीची.

आता आत्या नाही, आतेभाऊही गेला. घरात वहिनी एकटी. मुलगा रसायनीच्या बाजूला कंपनीत, सुनेचं बिऱ्हाड पनवेलला. मी शनिवारी पोचलो. चालत येताना मी शेतं ओळखायला बघत होतो, पण दोन्ही बाजूंना भिंती. फाटकांवर बंगल्यांची गोड गोड नावं. आतून नारळाची शेंडी नाहीतर निळ्या हौदाचा तुकडा दिसायचा. वहिनीच्या शेताच्या वरचा तुकडाही भिंतीच्या आत गेलेला. तिथं मुरूम टाकून जमीन सपाट केलेली नि वर हिरवळ लावलेली.

"बसा भावजी," वहिनी म्हणाली, "आज काय झोप लागायची नाय तुम्हाला."

खरंच लागली नाही. बारापर्यंत वरच्या बंगल्यात गाणी. पोरं पाण्यात उड्या मारत होती. माझा त्यांच्यावर राग नाही. आठवडाभर लोकलला लोंबकळणारी पोरं, त्यांनी दोन रात्री ओरडायचं नाही तर काय? पण गाणी थांबल्यावर पाऊस वाढला, आणि वहिनी उठून दारात येऊन उभी राहिली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मातीखालून मिळालीच नाहीत. तेव्हापासून इथली माणसं रात्रीचा पाऊस कान देऊन ऐकतात. मीही उठून बसलो. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

रविवारी मुलगा आला, दोन दिवसांची सुट्टी टाकून. भाड्याच्या पॉवर टिलरनं चिखलणी झाली. रात्री जेवताना त्यानं विषय काढला. हिशेब त्याच्या तोंडपाठ होता. टिलरचं भाडं, मजुरी, खत, कापणी, झोडणी. "काका, तुम्हीच सांगा. दोन एकरांत घरच्या भाताशिवाय हातात काय उरतं? एजंट दर आठवड्याला फोन करतोय."

त्याचा हिशेब खोटा नव्हता. मी शेतकरी आहे, मला माहीत आहे. वहिनी भाकरी थापत होती, तिनं वर बघितलं नाही.

पण हाच मुलगा सकाळी मला हाताला धरून खालच्या दहा गुंठ्यांत घेऊन गेला होता. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरणी, चिखलणी, लावणी न करता भात घ्यायची पद्धत बसवली. गादीवाफे करायचे, लोखंडी साच्यानं भोकं पाडायची, बी टोकायचं, आणि पुढच्या वर्षी तेच वाफे न मोडता वापरायचे. यानं ते शिकून घेतलं नि दहा गुंठ्यांत करून बघितलं. बियाणं आपल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं, कर्जत-३. रोपं वहीतल्या अक्षरांसारखी ओळीत उभी. त्यानं वाफ्याची माती उकरून गांडुळं दाखवली, तेव्हा त्याच्या तोंडावर जे होतं ते जमीन विकायला निघालेल्या माणसाचं तोंड नव्हतं.

वहिनीला ती पद्धत पटलेली नाही. "लावणीच नाय करायची तर पावसाळ्यात बाईमाणसानं करायचं काय?" असं तिचं म्हणणं.

रविवारी संध्याकाळी गाड्या एकामागून एक निघून गेल्या. सोमवारी उजाडलं ते वेगळ्याच गावात. पडवीत बसून मी ऐकत होतो. बैल नाही, जातं नाही, विहिरीवर बायका नाहीत, शाळेला निघालेली पोरं नाहीत. आळीतल्या बऱ्याच घरांना कुलपं. लावणीच्या दिवसांत गाव ओस असायचा तो संध्याकाळी भरायचा. हा भरणार नव्हता.

माझा भाचा कंपनीच्या कामानं स्पेनला जाऊन आला. तो सांगत होता, तिकडे समुद्रापासून आत गेलं की दगडी घरांची गावं लागतात. भोवती गव्हाची शेतं, ऑलिव्हची झाडं, पण दारं बंद आणि बाकावर चार म्हातारे. सेर्जियो देल मोलिनो नावाच्या लेखकानं २०१६ साली त्याच्यावर पुस्तक लिहिलं आणि 'रिकामा स्पेन' हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. ३१ मार्च २०१९ ला त्या गावांची माणसं राजधानीत, माद्रिदमध्ये मोर्चानं गेली. मागणं काय, तर आमच्याकडेही रेल्वे येऊ द्या, डॉक्टर येऊ द्या. ऐकून मला वाटलं, त्यांचं गाव रिकामं झालं कारण शहर लांब. आमचं होतंय कारण शहर जवळ. रेल्वे आहे, हायवे आहे, मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईला जातंय. आमची जमीन कोणी टाकून गेलं नाही. तिला गिऱ्हाईक लागलं.

सोमवारी वहिनीच्या वरच्या खाचरात लावणी होती. बांधावर गेलो तर खाचर काठोकाठ भरलेलं. मला नवल वाटलं. वर तर भिंत, मग पाणी आलं कुठून?

"तात्यांनी दिलं," वहिनी म्हणाली.

तात्या म्हणजे वरच्या तुकड्याचा मूळ मालक. मुलीचं आजारपण, मुलाचं लग्न, घराचं काम, अशात जमीन गेली. आता त्याच जागेवर तो वॉचमन आहे. भिंत झाली त्या पहिल्या पावसाळ्यात वरचं पाणी भिंतीला अडलं, वळून रस्त्याच्या गटारात गेलं, आणि वहिनीच्या खाचराला भेगा पडल्या. एकदा भिंतीच्या कडेनं लोंढा आला तो तिचा बांधच घेऊन गेला. तात्यानं मालकाला शेजारधर्म वगैरे काही सांगितलं नाही. त्यानं सांगितलं, "साहेब, पाणी अडवलंत तर तुमची भिंत जाईल." मालकाला ते पटलं. भिंतीखालून सहा इंची पाइप टाकला. कुठं टाकायचा ते तात्यानं दाखवलं. बांधाचं जुनं तोंड जिथं होतं, बरोबर तिथं.

मी विचारलं, "तात्या, मुरूम टाकून सपाट झालेलं सगळं. जागा सापडली कशी?"

"सापडायची काय रं? सोळा वर्साचा होतो तवापासून तेच तोंड बांधतोय नि सोडतोय."

मोठा पाऊस आला की पाइपाच्या जाळीत पाला अडकतो. रात्री बॅटरी घेऊन तात्या तो काढतो. पगारात हे काम धरलेलं नाही.

लावणीला ठाकूरवाडीतल्या दोघी आल्या होत्या, वहिनी, मुलगा आणि मी. नऊच्या सुमाराला तात्याही उतरून आला. वॉचमनचा निळा शर्ट काढून बांधावरच्या शेवग्याला अडकवला नि विजार गुडघ्यापर्यंत वर केली. त्याचा हात बघत राहावा असा. आम्ही एक ओळ लावेपर्यंत त्याची दीड व्हायची. दुपारी ठाकूरवाडीच्या बाईनं गाणं काढलं, वहिनीनं ते उचललं. मुलगा मोबाइल काढायला गेला, तर तात्या त्याला म्हणाला, "चिखलाचे हात लावू नको, खराब होईल." सगळे हसले. सहा माणसांचा आवाज तो केवढा, पण भिंतीवर आपटून परत येत होता.

दिवस मावळताना एक गाडी आली, हॉर्न वाजला. तात्यानं पाय धुतले, शर्ट चढवला आणि फाटक उघडायला गेला. मुलगा त्याच्या मागोमाग पाइपाची जाळी बघायला गेला. कशाला, ते मी विचारलं नाही.

रात्री एजंटचा फोन आला. मुलानं फोन आईकडे दिला. वहिनी म्हणाली, "दिवाळी झाल्यावर या, मग बोलू." तीन वर्षं ती हेच सांगतेय, असं मुलगा मला म्हणाला. दिवाळी झाली की खाचरात ओल असते तोवर वाल टाकायचा असतो. वाल निघेपर्यंत शिमगा येतो. शिमग्यानंतर राब भाजायचा आणि त्याच्यावर मृग येऊन टेकतो. जमीन विकायला मोकळा असा महिनाच तिला वर्षात सापडत नाही.