मधल्या माणसाशिवाय

आम्हा बँकवाल्यांचा मधल्या माणसावर फार विश्वास. समजा, रस्त्याच्या अलीकडे एक बँक आहे आणि पलीकडे दुसरी. पलीकडच्या बँकेचा चेक अलीकडे भरला, तर शिपायाने रस्ता ओलांडून तो समोर नेऊन दिला, असं कधी होत नाही. चेक क्लिअरिंगला जातो. पूर्वी तो जातीने जायचा, हल्ली त्याचा नुसता फोटो जातो. पण जातो क्लिअरिंगलाच! व्यवहारात मधे कुणीतरी असलं म्हणजे कसं भारदस्त वाटतं.

कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनाही हीच खोड. दोन कॉम्प्युटर एका टेबलावर मांडीला मांडी लावून बसलेले असोत. एकातले फोटो दुसऱ्यात हवे असले की आपण ते आधी इंटरनेटवरून कुठल्या तरी दूरदेशीच्या सर्व्हरवर चढवतो आणि मग तिथून उतरवून घेतो. शेजारणीला वाटीभर साखर द्यायची, तर ती आधी काशीला पाठवावी आणि शेजारणीने काशीहून मागवावी, तसला हा प्रकार. वाटीभर असेल तर तेही खपून जातं. पोतं असलं की आपलीच काशी होते.

आमचं पोतं तीनशे जीबीचं होतं आणि ते डोंबिवलीला दादाकडे होतं. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत पुतण्याने तिला समोर बसवून व्हिडिओ घेतले होते. जात्यावरच्या ओव्यांपासून ते कुणी कुणाच्या लग्नात काय अहेर केला, इथपर्यंत सगळं त्यात होतं. आई गेल्यावर मलाही ते हवे होते. पण मागायचे कसे? गावचं घर विकल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, दादाचं आणि माझं बोलणं क्लिअरिंगमधून चालायचं. तो वहिनीला सांगायचा, वहिनी आमच्या सौ.ला फोन करायची आणि सौ. मला सांगायची. निरोप साधारण दोन दिवसांत वटायचा. कधीकधी शेरा मारून परतही यायचा.

मी बी.कॉम. आहे. त्यामुळे कुठल्याही संकटात आधी गणित मांडतो. इंटरनेटवाले वेग सांगतात बिटमध्ये आणि फायलींचं वजन असतं बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. व्याज महिन्याला सांगून वर्षाला वसूल करणाऱ्या सावकाराचीच ही जात! दादाकडे फायली चढवण्याचा वेग सेकंदाला दहा मेगाबिट, म्हणजे जेमतेम सव्वा मेगाबाइट. तीनशे जीबीला झाले सहासष्ट तासांहून जास्त. पावणेतीन दिवस, आणि तेही मधे वीज गेली नाही तर. बाहेरून लावायची हार्ड डिस्क आणावी, तर आधी तिच्यात भरा, मग तिच्यातून उपसा. काम दुप्पट, आणि मधला माणूस पुन्हा आलाच.

शेवटी पुतण्याचा निरोप आला, "काका, लॅपटॉप घेऊन या. वायर माझ्याकडे आहे."

वायर म्हणजे नेटवर्क केबल. टेलिफोनच्या पिनेसारखी, पण जरा रुंद पिन दोन्ही टोकांना; टक् करून बसते. आत आठ तारा, पीळ घातलेल्या चार जोड्यांत. घराणं जुनं. इथरनेट नावाची ही पद्धत १९७३ साली अमेरिकेत, झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी उभी करायला घेतली. म्हणजे वयाने माझ्याहून वडील. पूर्वी दोन यंत्रं थेट जोडायला 'क्रॉसओव्हर' नावाची वेगळी केबल लागायची, कारण एकाच्या बोलायच्या तारा दुसऱ्याच्या ऐकायच्या तारांना जोडाव्या लागतात. साधी केबल लावली तर दोघेही बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. भाऊबंदकीच्या बैठकी बहुधा साध्या केबलवरच चालतात. हल्लीची यंत्रं कुणी बोलायचं आणि कुणी ऐकायचं, ते आपापसांत ठरवून घेतात. सुधारणा आधी यंत्रांत होते.

मग पत्ते. मधे राउटर नसला की पत्ते वाटायला कुणी नसतं; ते हाताने दिलेले बरे. पुतण्याने दादाच्या कॉम्प्युटरला १९२.१६८.१०.१ दिला आणि माझ्या लॅपटॉपला १९२.१६८.१०.२. "आळी एक, घर नंबर वेगळा. थोरल्याला एक, धाकट्याला दोन," तो म्हणाला. दादाचा चेहरा तीन वर्षांत प्रथमच सैल झाला.

इतकं होऊनही दादाचा फोल्डर मला आत घेईना. त्याच्या खात्याला पासवर्डच नव्हता आणि बिनपासवर्डच्या खात्यावर विंडोज बाहेरच्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. दादाने पासवर्ड ठेवला. तो मला सांगणं भाग होतं. वहिनी भाजीला गेली होती. दादाने घसा साफ केला आणि थेट मला सांगितला. गावाचं नाव होतं आणि पुढे आपल्या घराचा नंबर. मी तो टाइप केला. स्पेलिंग विचारावं लागलं नाही.

फायली निघाल्या, पण सेकंदाला अकरा मेगाबाइट. साडेसात तास दाखवू लागल्या. म्हटलं, साडेसाती म्हणतात ती हीच. पुतण्याने वायर काढून उजेडात धरली. चारांतली एक जोडी पिनेपाशी तुटली होती. दोन जोड्यांवरही ही वायर चालते, पण शंभर मेगाबिटांवर. हजार हवे असतील तर चारही जोड्या नांदत्या लागतात. दुसरी वायर लावली आणि आकडा एकशे दहावर गेला. पाऊण तासाचं काम.

ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते म्हणतात. म्हणजे यंत्रं एका छताखाली आणावीच लागतात आणि यंत्रांबरोबर त्यांचे मालकही येतात. इंटरनेटला ही अडचण नाही. दोघे दोन गावांत राहून सगळं पाठवू शकतात, आणि पाठवलं की संपलं. वायरीच्या दोन टोकांना पाऊण तास करायचं काय? समोर फायलींची नावं सरकत होती. 'आई आंबोळी'. 'आई अहेर'. 'आई विहीर'.

"विहिरीचं ती खोटं सांगते," दादा म्हणाला. "रहाट तू मोडला नव्हतास. मी मोडला होता."

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

मग रहाट निघाला, मामा निघाला, हळूहळू घराचं विकणंही निघालं. त्यातलं सगळं काही मिटलं नाही. थोडं पुढच्या खात्यावर ओढावं लागलं.

वहिनी भाजी घेऊन आली आणि दारातूनच विचारती झाली, "झालं का?"

शंभर टक्के होऊन दहा मिनिटं उलटली होती.

"अजून थोडं राहिलंय," दादा म्हणाला. मीही मान डोलावली.